चार वाजताची भूक : डाळ-चणा की अंडी-खिमा?

दुपारचे जेवण एकच्या सुमारास आटोपले, की चार-साडेचारला पोट पुन्हा काहीतरी मागू लागते. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर उभा असलेला कारागीर असो, कुर्ल्याच्या गॅरेजमधला मिस्त्री असो किंवा घरी बसून जरीकाम करणारी भगिनी असो, या वेळी जे घडते ते सगळीकडे सारखेच. एक कटिंग चहा, सोबत दोन खारी किंवा बटर, फार तर एखादा वडापाव. तासभर बरे वाटते. सहा वाजले की हात मंदावतात, चिडचिड वाढते आणि पुन्हा चहाची ऑर्डर जाते. बारा तासांच्या पाळीत असा चहा चार-पाच वेळा होतो, आणि त्यावर रोज किती पैसे गेले याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही.

हा प्रश्न खाणाऱ्याचा आहे तसा विकणाऱ्याचाही आहे. आपल्या समाजात बेकरीवाले, कबाबवाले, अंड्याच्या गाडीवाले, चणे-फुटाण्याचे दुकानदार मोठ्या संख्येने आहेत. कोणता पदार्थ पोटाला जास्त वेळ आधार देतो, हे ज्याला कळले त्याला आपल्या गिऱ्हाइकाला काय द्यावे हेही कळते. गेल्या काही वर्षांत 'हाय प्रोटीन' असे छापलेल्या पाकिटांनी दुकाने भरू लागली आहेत. त्या पाकिटांच्या किमती पाहता, प्रथिनांनी पोट भरते म्हणजे नेमके काय होते आणि ते प्रथिन डाळीचे असले किंवा मांस-अंड्याचे असले तर फरक पडतो का, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पोट भरल्याचे कळते कसे?

पोट भरणे ही एकच गोष्ट नाही. जठरात अन्न गेले की त्याची भिंत ताणली जाते आणि तो ताण मज्जातंतूंमार्फत मेंदूला कळतो. हा पहिला निरोप. यात वजन आणि आकारमान यांना महत्त्व आहे. पाणी धरून ठेवणारा, फुगणारा पदार्थ हे काम चांगले करतो. दुसरा निरोप आतड्यातून जातो. अन्न लहान आतड्यात उतरले की आतड्याच्या पेशी रक्तात काही संप्रेरके सोडतात. सीसीके, जीएलपी-१, पीवायवाय अशी त्यांची नावे आहेत. 'आता पुरे' असा त्यांचा निरोप असतो, आणि जठरातून अन्न पुढे ढकलण्याचा वेगही ती कमी करतात. हल्ली वजन उतरवण्याच्या ज्या महागड्या इंजेक्शनांची चर्चा चालते, त्यांतील औषध जीएलपी-१ याच संप्रेरकाची नक्कल करते. उलट बाजूने घ्रेलिन नावाचे भुकेचे संप्रेरक रिकाम्या जठरातून निघते. त्याचा शोध जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये लावला.

प्रथिने हा दुसरा निरोप जोरात पाठवतात. साखर आणि मैदा त्या मानाने लवकर पचून रक्तात जातात. तेल-तुपाचे उष्मांक भरपूर, परंतु तेवढ्या उष्मांकांत पोट भरल्याची जाणीव कमीच. म्हणून खारी-चहाचा आधार टिकत नाही. खारीत मैदा, वनस्पती तूप आणि हवा आहे. चहात साखर आहे.

सिडनीची यादी

या विषयावर सर्वांत जास्त उद्धृत होणारा प्रयोग ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात झाला आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुसॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडतीस पदार्थ घेतले. प्रत्येक पदार्थ २४० उष्मांकांचा मोजून दिला, म्हणजे ताकद सगळ्यांची सारखी. खाणाऱ्यांनी दर पंधरा मिनिटांनी, दोन तासांपर्यंत, पोट किती भरल्यासारखे वाटते ते सांगायचे. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले आणि बाकीच्यांना त्या तुलनेत गुण दिले.

निकाल आपल्या धंद्यांच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. मासे २२५, बीफ १७६, टोमॅटोच्या रसातील शिजवलेल्या शेंगबिया १६८, अंडी १५०, चीज १४६, मसूर १३३. प्रथिनांच्या या सहा पदार्थांची सरासरी काढली तर १६६ येते. बेकरीच्या मालात क्रॉसाँ (आपल्या खारीचा परदेशी भाऊच म्हणा) ४७, केक ६५, डोनट ६८, गोड बिस्किटे १२०, खारी बिस्किटे १२७, सरासरी ८५. म्हणजे तेवढ्याच उष्मांकांत बेकरीच्या मालापेक्षा जवळजवळ दुप्पट आधार.

परंतु ही यादी नुसती पाठ करून उपयोग नाही. तिच्यात सर्वांत वर कोण आहे पाहावे : उकडलेला बटाटा, ३२३ गुण! बटाट्यात प्रथिने नाममात्र. मग तो वर कसा गेला? कारण २४० उष्मांकांचा उकडलेला बटाटा म्हणजे ताटभर ढीग होतो, आणि तो ढीग जठर ताणतो. तोच बटाटा चकत्या करून तळला, की ९१ वर येतो. शेंगदाण्याला ८४ गुण मिळाले, म्हणजे पावापेक्षाही कमी. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने आहेत, तरीही! कारण उघड आहे. शेंगदाण्यात तेल निम्म्याच्या घरात असल्यामुळे २४० उष्मांक म्हणजे जेमतेम मूठभर दाणे. मूठभर दाण्यांनी जठर काय ताणणार?

तेव्हा प्रथिन आहे एवढ्यावर भागत नाही. त्याच्याबरोबर पाणी किती, चोथा किती, तेल किती, हे पाहावे लागते. आणखी एक सांगितले पाहिजे. या प्रयोगात प्रत्येक पदार्थासाठी अकरा ते तेरा माणसेच होती आणि मोजणी दोनच तासांची होती. यादी दिशा दाखवते. तराजूच्या काट्यासारखी ती वापरू नये.

डाळ वरचढ की मांस?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्यापैकी अनेकांची पक्की समजूत आहे की डाळीने पोट भरते ते तात्पुरते, खरा आधार गोश्ताचा. दुसरीकडे शाकाहाराचे पुरस्कर्ते नेमके उलटे सांगतात. दोघांनाही प्रयोगांनी पूर्ण दुजोरा दिलेला नाही.

अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकवीस निरोगी माणसांना कधी बीफचे तर कधी सोयाबीनचे जेवण दिले. प्रथिन दोन्हींत चोवीस ग्रॅम. भूक, तृप्ती आणि नंतरचे खाणे यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणजे प्रथिनाचे वजन सारखे ठेवले तर पोटाला ते जनावराचे की झाडाचे याची फारशी पर्वा नसते.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगन विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच्या एक पाऊल पुढे जातो. त्रेचाळीस तरुणांना तीन वेगवेगळ्या दिवशी तीन प्रकारचे जेवण दिले. एकात वासराचे व डुकराचे मांस होते, दुसऱ्यात बाकला व वाटाण्याची डाळ होती, आणि या दोन्हींतील प्रथिनांचे प्रमाण सारखे होते. तिसऱ्यात त्याच कडधान्यांचे, परंतु कमी प्रथिनांचे जेवण. तीन तासांनी त्यांना हवे तेवढे खायला दिले. भरपूर प्रथिनांचे कडधान्य खाल्लेल्यांनी, मांस खाल्लेल्यांपेक्षा, पुढच्या जेवणात सुमारे बारा टक्के कमी उष्मांक खाल्ले. याचे कारण संशोधकांनी चोथ्यात शोधले. कडधान्यांच्या त्या जेवणात चोथा मांसाच्या जेवणाच्या चौपट होता. मांसात, अंड्यात, माशात चोथा अजिबात नसतो. डाळ-चण्यात तो प्रथिनाबरोबर आपोआप येतो, पाणी धरतो, अन्नाला जठरात रेंगाळायला लावतो.

मग जनावराच्या प्रथिनाचा मान कमी झाला का? मुळीच नाही. शरीराला लागणारी सर्व आवश्यक अमिनो आम्ले अंडी, दूध, मांस, मासे यांत हव्या त्या प्रमाणात असतात. डाळीत मेथिओनिन कमी, तर गहू-तांदळात लायसिन कमी. म्हणून डाळ आणि पोळी-भात एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरा भरतो. बी-१२ हे जीवनसत्त्व डाळीत नाही. मांसातील लोह शरीर सहज उचलते, डाळीतले तितके उचलत नाही. हे सगळे शरीर बांधण्याचे मुद्दे झाले आणि ते महत्त्वाचेच आहेत. आपण येथे बोलतो आहोत ते फक्त चार वाजल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत भूक आवरण्याविषयी. त्या एका कामात कडधान्य मांसाच्या बरोबरीने उभे राहते, कधी पुढेही जाते, आणि बाजारात ते स्वस्त पडते.

मिसुरीच्याच आणखी एका प्रयोगाचा उल्लेख करणे जरूर आहे, कारण तो खास दुपारच्या खाण्यावर होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वीस स्त्रियांना जेवणानंतर तीन तासांनी १६० उष्मांकांचे खाणे दिले : एके दिवशी घट्ट दही, ज्यात चौदा ग्रॅम प्रथिन होते, दुसऱ्या दिवशी बिस्किटे, तिसऱ्या दिवशी चॉकलेट. दही खाल्ले त्या दिवशी पुढची भूक चॉकलेटच्या दिवसापेक्षा सुमारे अर्धा तास उशिरा लागली, बिस्किटांच्या दिवसापेक्षा वीस मिनिटांहून थोडी जास्त उशिरा, आणि रात्रीच्या जेवणात शंभरेक उष्मांक कमी गेले. ते घट्ट दही म्हणजे आपला चक्काच. साखर घालून त्याचे श्रीखंड केले की हिशेब बदलतो, हे वेगळे सांगायला नको.

अर्धा तास ऐकून काही वाचक निराश होतील. पाकिटावरची जाहिरात वाचून वाटते की एक वडी खाल्ली की रात्रीपर्यंत निश्चिंती. तसे होत नाही. खरा परिणाम अर्ध्या-पाऊण तासाचा आणि शंभर उष्मांकांचा आहे. मात्र तो रोजचा आहे, आणि कारागिराच्या हाताला सहा वाजता कंप सुटू न देण्यास तेवढाही पुरतो. व्यापारी बांधवांना आणखी एक गोष्ट लगेच समजेल : असल्या प्रयोगांना पुष्कळदा तोच माल बनवणारे कारखाने किंवा त्यांच्या संघटना पैसे पुरवतात. एवढ्याने प्रयोग खोटा ठरत नाही, पण माल विकणाऱ्याने मालाची तारीफ केली तर आपण ती जशी ऐकतो, तशीच ती ऐकावी.

दहा ग्रॅमचा हिशेब

निरनिराळ्या मालाची तुलना करण्याची एक सोपी रीत आम्ही सुचवतो. दहा ग्रॅम प्रथिन मिळवायला किती माल लागतो ते पाहावे, त्या मालाची आपल्या गावातील आजची किंमत काढावी आणि सोबत उष्मांक किती आले तेही पाहावे.

भाजलेले फुटाणे सुमारे पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम लागतात, उष्मांक पावणेदोनशेच्या आसपास. शेंगदाणे चाळीस ग्रॅम पुरतात, परंतु उष्मांक सव्वादोनशेच्या पुढे जातात. उकडलेल्या एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन आणि सत्तर-पंच्याहत्तर उष्मांक. म्हणजे दोन अंड्यांत काम होऊन वर थोडे उरते आणि उष्मांक दीडशेच. उकडलेले चणे किंवा छोले शंभर-सव्वाशे ग्रॅम, म्हणजे एक मोठी वाटी. सोयाबीनच्या वड्या कोरड्या असताना वीस ग्रॅम पुरतात. त्या भिजून दुप्पट-तिप्पट होतात, म्हणून पोटही भरते. गाईचे दूध तीनशे मिलिलिटर. सुके बोंबील सोळा-सतरा ग्रॅम, परंतु त्यातले मीठ विसरू नये. आणि खारी? मैद्यातच शंभर ग्रॅमला दहा-अकरा ग्रॅम प्रथिन, त्यात तूप मिसळल्यावर आणखी कमी. दहा ग्रॅमसाठी सव्वाशे ग्रॅमहून जास्त खारी खावी लागेल आणि उष्मांक सहाशेच्या वर जातील.

बहुतेक गावांत या हिशेबात फुटाणे, सोयाबीनच्या वड्या आणि अंडी हे तीन पुढे येतात. रंगीत कागदातल्या प्रथिन-वड्यांची किंमत याच रीतीने काढून पाहावी, म्हणजे कागदाचे आणि जाहिरातीचे पैसे किती ते कळेल.

शामी कबाबचे शहाणपण

झाडाचे आणि जनावराचे प्रथिन यांत भांडण लावण्याची गरज नाही, हे आपल्या बावर्चींना फार पूर्वीपासून माहीत आहे. शामी कबाब घ्या. खिम्याबरोबर चण्याची डाळ शिजवून, वाटून, वर अंड्याने बांधलेला हा पदार्थ. साधारणपणे किलोभर खिम्याला पाव किलो डाळ पडते. पुष्कळांना वाटते की डाळ फक्त बांधण्यासाठी किंवा खर्च भागवण्यासाठी असते. प्रत्यक्षात कच्च्या मांसाचा तीन चतुर्थांशाच्या जवळपास भाग पाणी असल्यामुळे शंभर ग्रॅम खिम्यात अठरा ते वीस ग्रॅम प्रथिन असते, तर शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत वीस-एकवीस. वजनाला वजन डाळ कमी पडत नाही. शिवाय मांसात नसलेला चोथा ती घेऊन येते. खिचड्याचेही तसेच : गहू, तीन-चार डाळी आणि गोश्त एकत्र घोटलेले. एक वाडगा खिचडा खाल्ला की उठवत नाही, याचे कारण मसाला नव्हे. चोथा, प्रथिन आणि धरून ठेवलेले पाणी हे तिन्ही त्यात आहेत.

येथे धंद्याचा एक नाजूक मुद्दा येतो. मटण महागले की काही स्टॉलवाले गुपचूप डाळ वाढवतात आणि किंमत तीच ठेवतात. गिऱ्हाईक एकदा फसते, दुसऱ्यांदा दुसऱ्या गाडीवर जाते. डाळीचे प्रमाण वाढवायचे असेल तर उघड वाढवावे. 'दाल-शामी' म्हणून वेगळी थाळी ठेवावी, किंमत उतरवावी आणि सांगावे की यात डाळ जास्त आहे. कारागीर वस्तीत असा स्वस्त, भरपेट कबाब दुपारी चार वाजता विकला जाईल असे आमचे मत आहे. रात्रीच्या गिऱ्हाइकाला जे लागते तेच दुपारच्या गिऱ्हाइकाला लागते असे नाही. कबाब खोल तेलात तळण्यापेक्षा तव्यावर थोड्या तेलात शेकावा. तेल पिऊन कबाबचे उष्मांक वाढतात, आधार वाढत नाही.

अंड्याच्या गाडीवाल्यांनी उकडलेली अंडी दुपारपासून ठेवावीत. बहुतेक गाड्या संध्याकाळनंतरच लागतात, आणि नेमक्या गरजेच्या वेळी वस्तीत खारीशिवाय काही मिळत नाही. रात्रपाळीच्या यंत्रमाग कामगारांसाठी पहाटे दोन-तीनचा चहा असतो, त्या टपरीवरही हाच माल चालावा. फुटाणेवाल्यांनी पन्नास ग्रॅमची पुडी करावी. कांदा, कोथिंबीर, लिंबू घालून उकडलेल्या चण्यांची वाटी द्यावी. मटकीची उसळही उत्तम, फक्त वर फरसाणाचा डोंगर नको. बेकरीवाल्यांनी आपला माल सोडावा असे आम्ही म्हणत नाही. पण खारीच्या बरणीशेजारी अंडा-पाव, खिमा-पाव ठेवायला भट्टी वेगळी लागत नाही.

फुटाण्याच्या आणि शेंगदाण्याच्या मालात मिठाचा हात आवरावा. खारट माल जास्त खपतो हे खरे, परंतु रक्तदाबाच्या माणसाला तो घातक आहे आणि तहान वाढवून पुन्हा गोड चहाकडेच नेतो. चणे रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून शिजवले तर पोटात वायू कमी धरतो. नव्याने डाळ-चणा वाढवणाऱ्यांनी हळूहळू वाढवावा. एकदम वाढवल्यास पोट फुगते आणि मग दोष चण्याला मिळतो. शिजवलेला कबाब-खिमा बाहेर उघड्यावर दोन तासांहून अधिक ठेवू नये, उन्हाळ्यात एक तासच. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे आणि डॉक्टरांनी प्रथिने कमी करण्यास सांगितले आहे, त्यांना यातले काही लागू नाही. त्यांनी डॉक्टरांचेच ऐकावे.

सहरीचा प्रश्न

रमजानमध्ये हा विषय प्रत्येक घरात निघतो. सहरीला काय खाल्ले म्हणजे दिवस सुखाने जाईल? मुंबईत आणि इतर शहरांत सहरीला दुधात भिजवलेली फेणी खाण्याची पद्धत आहे. फेणी मैद्याची आणि तुपाची, वर साखर. दूध सोडले तर तिच्यात आधार देणारे फारसे काही नाही. तिच्या जोडीला दोन अंडी, एखादा कबाब आणि पोळी, किंवा रात्रीची घट्ट डाळ घेतली तर सकाळची वेळ निश्चित सोपी जाते. मात्र तेरा-चौदा तास भूक लागू न देणारे अन्न अद्याप कोणी शोधलेले नाही. वर सांगितलेले सगळे प्रयोग दोन-चार तासांचे आहेत. सहरीतली प्रथिने आणि चोथा साधारण सकाळ सांभाळतील. त्यापुढचा वेळ शरीर आपल्या साठ्यातून काढते. 'दिवसभर भूक लागणार नाही' असे सांगून सहरीसाठी काही पावडर कोणी विकत असेल, तर ती घेण्यापूर्वी पाकिटावर मागच्या बाजूस छापलेला तक्ता वाचावा.

पाकीट करून विकणाऱ्यांसाठी

काही तरुण बांधव फुटाणे, भाजलेली मूग-मसूर, सोयाबीनचा चिवडा पाकीटबंद करून विकण्याच्या विचारात आहेत. त्यांच्यासाठी कायद्याचे थोडे. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे आणि त्याखाली नोंदणी किंवा परवाना, यापैकी आपल्या उलाढालीला जे लागू असेल ते, घ्यावेच लागते. पाकिटावर काय दावा करावा याचे वेगळे नियम २०१८ मध्ये झाले. 'प्रथिनांचा स्रोत' असे छापायचे तर घन पदार्थाच्या शंभर ग्रॅममध्ये रोजच्या शिफारशीच्या निदान दहा टक्के प्रथिन असावे लागते. 'भरपूर प्रथिने' छापायचे तर त्याच्या दुप्पट. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पासष्ट किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला चोपन्न ग्रॅम प्रथिन सांगितले आहे. त्याचे वीस टक्के म्हणजे अकरा ग्रॅमच्या आत. साध्या भाजलेल्या फुटाण्यात शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमहून अधिक आहे! म्हणजे ज्या दाव्यासाठी मोठ्या कंपन्या बाहेरून प्रथिनाची पावडर घालतात, तो आपल्या भडभुंज्याच्या मालात काही न मिसळता बसतो. मात्र छापण्यापूर्वी मालाची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यावी आणि तो कागद जपून ठेवावा. मधुमेह बरा होतो, वजन उतरते, अमुक रोग जातो असे काहीही छापू नये. त्याला कायद्याने मनाई आहे. शेंगदाणा, सोया, दूध यांपैकी काही मालात असेल तर तसे स्पष्ट लिहावे, कारण काही लोकांना त्यांची ॲलर्जी असते आणि ती जिवावर बेतू शकते.

बाहेरच्या प्रथिन-वड्या आणि पावडरी दुकानात ठेवणाऱ्यांनी घटकांची यादी बारकाईने पाहावी. त्यात कधी कधी जिलेटीन किंवा कोलॅजेन असते, आणि ते कोणत्या जनावराचे हे पाकिटावर लिहिलेले असतेच असे नाही. हिरवे शाकाहारी चिन्ह असलेल्या मालात दुधाशिवाय जनावराचा घटक नसतो, त्यामुळे तेथे हा प्रश्न येत नाही. तपकिरी चिन्हाच्या मालाबाबत घाऊक विक्रेत्याकडून लेखी खुलासा मागावा, आणि तो मिळाला नाही तर माल परत करावा.